गंगेचं पाणी भारत आणि बांगलादेश कसं वाटून घेतात? पंचगंगेकाठच्या वाचकांसाठी

पावसाळा लागला आणि धरणक्षेत्रात पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळी दोन आकडे विचारले जातात. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट किती इंच, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती. पहिला आकडा आपल्या घरचा आहे. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, आणि चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंतच्या शाळकरी पोरांनाही त्याचा अर्थ कळतो. दुसरा आकडा शेजारच्या राज्याचा. तो खरा किती, वेळेवर मिळतो का, यावर २०१९ च्या महापुरापासून आपल्याकडे वाद थांबलेला नाही.

आता हाच वाद दोन राज्यांऐवजी दोन देशांमध्ये आहे असं धरा. कृष्णेच्या पाण्यासाठी आपल्याकडे आधी बच्छावत लवाद बसला, मग ब्रिजेशकुमार लवाद बसला. त्यांच्या निकालावर नाराज झालेलं राज्य सुप्रीम कोर्टात जातं. निकाल आवडो न आवडो, वर कोणीतरी बसलेलं आहे. दोन देशांच्या वर असं कोणी नसतं. बसायचं, बोलायचं, कागद करायचा आणि तो पाळायचा, एवढाच मार्ग उरतो.

भारत आणि बांगलादेश यांची सामायिक सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे आणि दोघांच्या मिळून ५४ नद्या आहेत. त्यातल्या फक्त एका मोठ्या नदीच्या, म्हणजे गंगेच्या पाणीवाटपाचा दीर्घ मुदतीचा करार झाला. तारीख १२ डिसेंबर १९९६, मुदत ३० वर्षं. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये ती संपते. दोन शेजारी देशांमधलं सहकार्य प्रत्यक्षात कसं चालतं हे समजून घ्यायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही, आणि नदीकाठच्या माणसाला ते इतर कुणाहीपेक्षा लवकर उमजेल.

फरक्क्याला नेमकं काय आहे?

पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात, बांगलादेशच्या सीमेच्या अलीकडे वीस किलोमीटरच्या आत, गंगेवर फरक्का बॅरेज आहे. लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, दरवाजे १०९. ते १९७५ मध्ये सुरू झालं. हेतू शेतीचा नव्हता, विजेचाही नव्हता. कोलकाता बंदर ज्या हुगळी नदीवर आहे ती गाळाने भरत चालली होती. गंगेचं पाणी सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथी-हुगळीत वळवायचं आणि त्या जोरावर गाळ समुद्राकडे ढकलायचा, अशी ती योजना. कालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर.

फरक्क्याला धरण म्हणायची सवय आहे, पण ते धरण नाही. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं मोठं रूप म्हणा. पाणी कमी असताना बरगे घालायचे, पातळी वाढवायची, आणि पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. राजाराम बंधारा पुरात पाण्याखाली जातो तेव्हा तो पूर अडवतही नसतो आणि आणतही नसतो. फरक्क्याचे दरवाजे पावसाळ्यात उघडल्याच्या बातमीने ढाक्यात दरवर्षी संताप उसळतो, पण लाखो क्युसेकचा प्रवाह साठवून ठेवायला तिथे जागाच नाही. खरा प्रश्न उन्हाळ्याचा. जानेवारीनंतर गंगा आटत जाते आणि मग कालव्यात वळवलेला प्रत्येक क्युसेक खाली पद्मेला कमी मिळतो. (सीमा ओलांडून पुढे गेलेल्या गंगेला बांगलादेशात पद्मा म्हणतात.)

पद्मेला पाणी कमी पडलं की पहिला फटका तिच्या गोराई या फाट्याला बसतो. बांगलादेशाच्या नैऋत्येला, खुलनाच्या बाजूला गोडं पाणी नेणारा हा मुख्य प्रवाह. तो आटला की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. भातशेती, विहिरी, सुंदरबनातली झाडं, सगळ्यांना खार लागतो. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथल्या शेतकऱ्याच्या तक्रारीत राजकारण मिसळलेलं असेलही, तक्रार मात्र खरी आहे.

वीस वर्षांची ओढाताण

१९७५ च्या एप्रिल-मेमध्ये ४१ दिवसांच्या तात्पुरत्या समझोत्यावर बॅरेज चालू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि ढाक्यात बोलणारी माणसंच बदलली. पुढच्या उन्हाळ्यात भारताने करार नसताना पाणी वळवलं. १६ मे १९७६ ला मौलाना भाशानी या वयोवृद्ध नेत्याने फरक्क्याच्या दिशेने मोठा मोर्चा काढला, आणि बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९७७ ला पाच वर्षांचा करार झाला, मग छोटे समझोते झाले आणि १९८८ नंतर तेही संपले.

त्यानंतरची आठ वर्षं कागद कोराच होता. १९९३ च्या मार्चमध्ये बांगलादेशात पद्मेवरच्या हार्डिंज पुलाखालून वाहणारा प्रवाह १०,००० क्युसेकच्याही खाली गेला. करार नसला तर काय होतं ते या एका आकड्यात दिसतं.

१९९६ मध्ये योग जुळून आला. दिल्लीत एच. डी. देवेगौडा आणि ढाक्यात शेख हसीना एकाच जून महिन्यात सत्तेवर आले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांचं धोरण होतं की लहान शेजाऱ्याला देताना लगेच परतफेड मागायची नाही. आणि कोलकात्यात ज्योती बसू होते. ज्या बंदरासाठी बॅरेज बांधलं, त्या राज्याचाच मुख्यमंत्री स्वतः ढाक्याला जाऊन बोलला. माझ्या दृष्टीने कराराची खरी किल्ली बसूंकडे होती, आणि तिस्तेचा विषय पुढे येईल तेव्हा ते आणखी पटेल.

वाटणीचं गणित

करार फक्त १ जानेवारी ते ३१ मे या काळाला लागू आहे. या पाच महिन्यांचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडले आहेत आणि फरक्क्याला त्या दहा दिवसांत सरासरी किती पाणी आलं त्यावर वाटा ठरतो.

पाणी ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५,००० च्या वर गेलं की भारताला ४०,००० आणि बाकी सगळं बांगलादेशाला. म्हणजे ६०,००० आलं तर दोघांना तीस-तीस हजार. ७२,००० आलं तर बांगलादेशाला ३५,०००, भारताला ३७,०००. ९०,००० आलं तर भारत ४०,००० वर थांबतो आणि ५०,००० खाली जातात. भारताचा वाटा ४०,००० लाच का थांबतो, तर कालव्याची क्षमताच तेवढी आहे.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ७०,००० क्युसेक म्हणजे दिवसाला सहा टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). आपलं राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं. ऐन उन्हाळ्यातली, आटलेली गंगासुद्धा राधानगरी साधारण दीड दिवसात भरून टाकेल.

पण निम्मं-निम्मं या सूत्रात एक अडचण होती. मार्च-एप्रिलमध्ये पाणी फारच घटलं तर निम्म्यात दोघांचंही भागत नाही. तिथे कराराने पाळी लावली. ११ मार्च ते १० मे या काळात दहा-दहा दिवसांचे सहा तुकडे येतात. त्यातल्या तीन तुकड्यांत बांगलादेशाला ३५,००० क्युसेक हमखास मिळतात, तीन तुकड्यांत भारताला, आणि ते एकाआड एक. उन्हाळ्यात पाटबंधारे खातं भोगावती-पंचगंगेवर उपसाबंदी लावतं, आज या टप्प्यातल्या मोटारी चालू तर उद्या त्या, तसाच हा हिशेब. आपली पाळी नसताना मोटार बंद ठेवायची, कारण पाळी आल्यावर दुसऱ्याची बंद असणार.

एक ओळ कराराच्या तक्त्यातूनच घेऊ. २१ ते ३० एप्रिल, अपेक्षित पाणी ६०,९९२ क्युसेक. पाळी बांगलादेशाची. त्यांना ३५,०००, भारताला २५,९९२. दरवाज्यांची सगळी यंत्रणा भारताच्या हातात, ताकद भारताची जास्त, आणि तरी ऐन कडाक्याच्या दहा दिवसांत भारत नऊ हजार क्युसेक कमी घेतो. ही ओळ वाचताना मला देश म्हणून अभिमान वाटतो, आणि तो सांगायला संकोच वाटत नाही.

दोघांनी एकाच ठिकाणी उभं राहून मोजायचं

एवढं सगळं लिहून ठेवलं तरी आकडा कोणाचा धरायचा हा प्रश्न राहतोच. त्यासाठी दोन्ही देशांचे सारखे सदस्य असलेली संयुक्त समिती आहे. तिची पथकं हंगामात रोज फरक्क्याला मोजतात: बॅरेजच्या खाली किती गेलं, कालव्यात किती गेलं, जहाजांसाठीच्या लॉकमधून किती गेलं. आणि तिकडे हार्डिंज पुलाखाली किती पोचलं तेही मोजतात. बांगलादेशचे अभियंते भारतात येऊन राहतात, भारताचे तिकडे जातात. ज्या पट्टीवर एकाची नजर आहे तिच्यावर दुसऱ्याचीही आहे. आकड्यांवर मतभेद झाला तर तो समितीकडून १९७२ साली स्थापन झालेल्या संयुक्त नदी आयोगाकडे जातो, तिथेही सुटला नाही तर सरकारांकडे.

करारात मला सगळ्यात मोलाचं कलम हेच वाटतं. पाण्याचं सूत्र हुशार आहे, पण सूत्र कोणीही मांडू शकतो. एकमेकांवर भरवसा नसलेल्या दोघांना रोज एकच आकडा वहीत लिहायला लावणं फार अवघड, आणि १९९७ च्या हंगामापासून ते चालू आहे.

आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अभ्यास केला आणि त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. जिल्ह्यात अनेकांना तो पटला नाही, अजूनही पटत नाही. पुराचं पाणी घरात आलेल्या माणसाला मी त्यासाठी दोष देणार नाही. अहवाल पूर ओसरल्यावर येतो. पाणी चढत असताना दोन्ही राज्यांच्या माणसांनी एकत्र घेतलेला आकडा समोर असता तर वाद उरला असता, पण संशय एवढा रुजला नसता. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय तर पुढ्यातच आहे.

आकडा थांबला की काय होतं

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांना पद आणि देश सोडावा लागला आणि त्या भारतात आल्या. त्याच महिन्यात पूर्व बांगलादेशात फेनी-कुमिल्ला भागात भीषण पूर आला. त्रिपुरातल्या डुंबूर धरणाचे दरवाजे भारताने मुद्दाम उघडले, अशी बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर आले.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २२ ऑगस्टला खुलासा केला. धरण सीमेपासून १२० किलोमीटरहून जास्त आत आहे, उंचीने लहान आहे, आणि आवक वाढली की पाणी आपोआप बाहेर पडतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पातळी वर चढली की पाण्याच्या जोरानेच दरवाजा उघडतो, १,४२८ क्युसेक सुटतात, कोणी बटण दाबत नाही.

पण त्या खुलाशातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डुंबूर धरण ज्या नदीवर आहे त्या गुमतीवरच्या अमरपूर केंद्रातून बांगलादेशाला पातळीचे आकडे जात होते. २१ ऑगस्टला दुपारी ३ वाजेपर्यंत ते पाणी वाढत असल्याचं कळवत होते. संध्याकाळी ६ वाजता पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडथळा आला. ऐन गरजेच्या वेळी आकड्यात खंड पडला, आणि अशी पोकळी अफवेइतक्या लवकर दुसरं काही भरत नाही. कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ मध्ये हे मोबाईलवर अनुभवलं आहे. कुठलं तरी धरण फुटल्याचा निरोप, कुठल्या तरी जुन्या व्हिडिओसह, रात्री दोन वाजता.

गंगा करारात पावसाळा नाहीच. पुराच्या इशाऱ्यासाठी भारत वेगळ्या व्यवस्थेतून आकडे देतो. पण जानेवारी-मेमध्ये जशी दोघांची पथकं एकत्र उभी असतात, तशी जुलै-ऑगस्टमध्ये नसतात. हा कराराचा मोठा कमकुवतपणा आहे.

आणखीही आहेत. फरक्क्याला पाणी ५०,००० च्या खाली गेलं तर करार एवढंच म्हणतो की दोन्ही सरकारांनी तातडीने बोलावं. लवादाची सोय नाही. अपेक्षित पाण्याचे आकडे १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेले आहेत. त्यानंतर उत्तर प्रदेश-बिहारमध्ये उपसा वाढला, पाऊसमान बदललं, तक्ता तोच राहिला. गाळाबद्दल तर करार बोलतच नाही. बॅरेजच्या वर नदीपात्रात गाळ साठतो आणि त्यामुळे आपल्याकडे पूर येतो ही बिहारची जुनी तक्रार. २०१६ मध्ये नितीशकुमारांनी फरक्का काढूनच टाका अशी मागणी केली होती. मालदा-मुर्शिदाबादमध्ये काठ खचून गावं नदीत जातात. म्हणजे फरक्क्याचा त्रास फक्त सीमेपलीकडे होतो असं नाही.

तिस्ता का अडली

सिक्कीममध्ये उगम पावून उत्तर बंगालमधून बांगलादेशात जाणारी तिस्ता. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा तिचा करार सहीसाठी तयार होता. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ऐनवेळी सोबत जायला नकार दिला. उत्तर बंगालच्या शेतकऱ्याचं पाणी जाईल, हा त्यांचा मुद्दा. सही झाली नाही, आजही झालेली नाही.

कायद्याने पाहिलं तर परदेशाशी करार करणं केंद्राचं काम आहे, आणि तो अमलात आणायला संसद कायदा करू शकते, असं घटनेचं २५३ वं कलम सांगतं. पण पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. तिस्तेवर तर गेटवरचा माणूस, कालवा, शेतकरी, मतदार, सगळं राज्याचं. त्यामुळे राज्याला बाजूला ठेवून केलेला पाण्याचा करार टिकणं कठीण. बसू सोबत होते म्हणून गंगेचा झाला, बॅनर्जी सोबत नव्हत्या म्हणून तिस्तेचा अडला.

पाण्याबाहेर दोन्ही देशांनी बरंच जमवलं. २०१५ मध्ये घटनेची १०० वी दुरुस्ती करून एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली, बांगलादेशातल्या १११ भारतीय आणि भारतातल्या ५१ बांगलादेशी. तिथली माणसं तोवर कुठल्याच देशाची धड नव्हती. २०१३ पासून हार्डिंज पुलाजवळच्या भेरामारातून भारताची वीज तिकडे जाते. २०२४ नंतर मात्र संबंध ताणले गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारतीय सूत थांबवलं, मेमध्ये भारताने तिकडचे तयार कपडे नाक्यांतून घेणं बंद करून ते न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच आणण्याची अट घातली. सुताचा बाजार हलला की त्याची चर्चा इचलकरंजीतही होते.

आणि याच ताणाच्या काळात, मार्च २०२५ मध्ये, बांगलादेशचं पथक फरक्क्याला आलं, मोजणी पाहिली आणि कोलकात्यात संयुक्त समितीची बैठक झाली. त्यानंतर साधारण दीड महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारताने पाकिस्तानबरोबरचा १९६० चा सिंधू करार स्थगित केला. पाण्याचे करार अढळ नसतात हे त्यातून दिसलं, आणि ढाक्यात ते बारकाईने वाचलं गेलं असणार.

नव्या करारात काय असावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोजणी बारा महिन्यांची हवी, पावसाळ्यासह. आकडे दोन्ही देशांतल्या सामान्य माणसाला मोबाईलवर दिसायला हवेत, कारण पुरात पळायचं त्यालाच असतं. बिहार आणि बंगाल चर्चेच्या टेबलावर पहिल्यापासून हवेत. आणि चाळीस वर्षांच्या जुन्या सरासरीऐवजी ठराविक वर्षांनी सुधारला जाणारा तक्ता हवा. ढाक्याला किमान पाण्याच्या हमीचं कलम हवं असेल, दिल्ली त्याला सहज तयार होणार नाही, तिथे घासाघीस होईल.

तीस वर्षं १२ डिसेंबर २०२६ च्या सुमाराला पुरी होतात. उन्हाळी हंगामाची पहिली मोजणी १ जानेवारीला सुरू होते. नवा कागद वेळेत तयार नसेल, तर गेटवरच्या अभियंत्याने २०२७ च्या पहिल्या दहा दिवसांत कालव्यात किती सोडायचं आणि पद्मेला किती, हे ठरवायला मध्ये तीन आठवडेही मिळत नाहीत.